मोजणी

रीळ मिळालं बेळगावात, कॅम्पातल्या भंगारवाल्याकडं,
रॉकेलचा स्टो आणि काटे नसलेलं घड्याळ यांच्या मधे.
गंजका डबा. झाकणावर खडूनं लिहिलेले दोन शब्द,
एक कन्नडात, एक मराठीत,
दोन्हींचा अर्थ विमान.

प्रोजेक्टर निपाणीत, जिन्नाप्पाकडं.
तंबाखूच्या वखारीच्या मागल्या भिंतीवर अजून चुना टिकून होता,
तिथं लावलं. बिड्या देऊन परतणाऱ्या बाया थांबल्या,
कडेवर रिकामी सुपं,
हवेतल्या तंबाखूनं आधी मीच तीनदा शिंकलो.

आवाज नव्हता रिळाला.
अमेरिकन पोरं, विशीतली,
मेंढीच्या कातड्याची जाड कोटं घालून भर उन्हात उभी,
एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात,
जत्रेत फोटो काढतात तशी.
मागं अजस्र विमान, त्याच्या नाकावर रंगवलेली एक बाई
आणि तिच्याखाली बारके पांढरे बॉम्ब, ओळीनं,
फेरीला एक.
"मुकादमाच्या वहीसारखंच की," जिन्नाप्पा म्हणाला.

तायव्वा सगळ्यांच्या पुढं बसलेली.
लहानपणी तापात कान गेले, तेव्हापासून ओठ वाचते.
स्टँडावर दोन माणसं भांडली
की दोन्ही भाषांतल्या शिव्या पहिल्यांदा तिलाच कळतात.
कुणीतरी तिचा खांदा हलवून खूण केली,
सांग गं, काय बोलालेत?
तिनं डोळे बारीक केले.
"ह्यो बोलत न्हाई. चघळालाय."
मग दुसऱ्याकडं बोट, जो सगळ्यांत मोठ्यानं हसत होता,
"ह्येच्या पोटात गोळा आलाय."

मग आभाळ. पोटं उघडली.
शेंगांच्या पोत्याची शिवण उसवावी तसे ते सुटले,
आधी आडवे, मग सरळ होत होत बारीक,
आणि खूप खाली, चौकड्यांच्या जमिनीवर,
धुराचे कोंब फुटले, एकामागं एक, गुमान.
तायव्वा उठली. भिंतीपाशी गेली.
धुरावर तळवा टेकवला,
धूर तिच्या नखांवर, बांगड्यांवर, तेंदूच्या पानानं काळ्या पडलेल्या बोटांवर.
"हितं कोन ऱ्हात व्हतं?"
आम्ही एकमेकांकडं बघितलं.
कॅमेरा वर होता. शेवटपर्यंत वरच होता.

नंतरचं रीळ फाटकं, उड्या मारणारं.
संध्याकाळ असावी. तेलकट टोपीतला एक मेकॅनिक
उपड्या पिंपावर बसून वर बघतोय.
ओठ हलतात.
"देवाचं म्हणालाय," जिन्नाप्पा बोलला.
"न्हाई." तायव्वानं त्याच्याकडं न बघताच सांगितलं,
नुसत्या सावलीवरून कळलं असेल तिला तो बोलल्याचं.
"मोजालाय."

आणि तिची बोटं उघडत गेली त्याच्या ओठांबरोबर,
एक, दोन, पाच, सात.
सातावर तो थांबला. ती थांबली.
मग पहिल्यापासून.
परत सातच.
कट्ट्यात पंचवीस लागतात, एक कमी भरली
तर अख्खा कट्टा छाटमध्ये जातो,
हे तिला झोपेतही माहीत असतं,
झोपेत तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असतो म्हणे.
पडद्यावरचा तो टोपी काढतो, पुन्हा घालतो,
वाटेकडं बघावं तसं आभाळाकडं बघतो,

आणि रिळाचं शेपूट फटफट वाजायला लागलं.
पांढरी भिंत. एक पाल, जिला कधीपासून हलायचं होतं.
बाया सुपं उचलून निघाल्या, चुलीची वेळ झालेली.

"परत लाव," तायव्वा म्हणाली.
विमानं नकोत, ती हसणारी पोरंपण नकोत.
पिंपावरला तेवढा.
"लई येळ झाला आता. आल्याली असतील."

जिन्नाप्पा काही बोलला नाही.
रीळ उलटं गुंडाळायला दहा मिनिटं लागतात.
तेवढी दहा मिनिटं ती कोऱ्या भिंतीकडं तोंड करून बसली,
ओठ हलत होते तिचे,
कुठल्या भाषेत, ते मला वाचता आलं नाही.